‘मी गणितात ढ आहे’ असं मुलगी म्हणते तेव्हा तिच्याशी काय बोलायचं?

केतकी_चिंचवड

नमस्कार मंडळी, इथे वाचते बरीच वर्षं, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय लेकीचा आहे म्हणून राहवलं नाही.

लेक सहावीत आहे, मराठी शाळा पण सेमी इंग्लिश. चौथी-पाचवीपर्यंत गणिताचं काही वाटत नव्हतं तिला, उलट पाढे म्हणायला सगळ्यात पुढे, आजोबांनी तर हौसेने पावकी, निमकी (पावाचे आणि अर्ध्याचे जुने पाढे) पण शिकवली होती आणि कोणी पाहुणे आले की ही घडाघडा म्हणून दाखवायची. या वर्षी काय झालंय तेच कळेना. गणिताची वही दप्तरातून बाहेरच येत नाही, मराठी, विज्ञान, इतिहास सगळं आधी होतं, मग चित्रकला, मग दप्तर भरणं, आणि गणिताची वेळ आली की झोप येते नाहीतर पोट दुखतं. आणि ते दुखणं खोटं नाहीये हो, मी तिला ओळखते, खरंच दुखतं.

परवा रात्री ओटा आवरत होते तर ही मागे येऊन उभी राहिली आणि एकदम शांतपणे म्हणाली, "आई मी गणितात ढ आहे, तू उगाच माझ्यावर वेळ घालवू नकोस." रडली असती तर बरं झालं असतं असं वाटलं मला. मी म्हणलं अगं असं काय बोलतेस, तू हुशार आहेस, तर म्हणे "तू आई आहेस म्हणून म्हणतेस." यावर काय बोलणार?

घरात सासूबाई प्रेमानेच म्हणतात, जाऊ दे गं, हिच्या आत्यालाही गणित कधी जमलं नाही, काय अडलं तिचं. पालकसभेत बाईंनी सांगितलं की लक्ष देत नाही, घरी सराव घ्या. नवरा म्हणतो क्लास लावू. मला वाटतंय की क्लासच्या आधी काहीतरी बोलणं व्हायला हवं पण नेमकं काय ते सुचत नाही.

काल ती झोपल्यावर वही काढून बघितली. एका पानावर खोडरबराने इतकं घासलंय की कागद विरलाय, त्याच्यावर परत लिहिलंय १/२ + १/३ = २/५, त्यावर लाल फुली. पुढची सगळी गणितं नुसती उतरवून घेतलीयेत, सुंदर अक्षरात, मार्जिन आखून, उत्तराची जागा कोरी. ते पान बघून पोटात तुटलं.

ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी सांगा प्लीज, तुम्ही मुलांशी काय बोललात?

रानपाखरू

केतकी, अगदी अगदी. आमच्याकडे मुलगा सातवीत, त्याचं इंग्लिशचं असंच चालू आहे.

एक सांगू का, माझ्या बहिणीने मला सांगितलेलं आणि मला फार पटलेलं. मुलाला "अरे सोप्पं तर आहे" हे कधीही म्हणायचं नाही. आपण धीर द्यायला म्हणतो पण त्याच्या बाजूने बघा ना, अवघड गोष्ट आली नाही तर ठीक आहे, पण आई म्हणतेय सोप्पं आहे आणि तेही मला येत नाही म्हणजे मी किती वाईट. त्यापेक्षा "हो, हे अवघडच आहे जरा, चल बघू कुठे अवघड जातंय" म्हणलं तर चेहराच बदलतो. बाकी जाणकार सांगतीलच, वाचतेय.

माणदेशी_मास्तर

केतकीताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, सहावी सातवीचं गणित माझ्याकडे असतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या लेकीने जे लिहिलंय ना, १/२ + १/३ = २/५, हे उत्तर मला दरवर्षी वर्गात कितीतरी वह्यांत दिसतं आणि त्यात चांगली तयारी असलेली पोरंही असतात. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. आतापर्यंत ती जी बेरीज शिकली त्यात समोर दिसेल ते मिळवायचं असतं, तिने तेच इमानदारीत केलं. तिच्या डोक्यात १/२ ही एक संख्या अजून झालेली नाही, एकावर एक ठेवलेल्या दोन संख्या आहेत. अडलंय ते एवढंच.

आता बोलायचं काय? "गणित येत नाही" हे वाक्य तसंच राहू देऊ नका, पण त्याच्याशी वादही घालू नका. ती म्हणतेय येत नाही तर विचारा, बरं, काय काय येत नाही, यादी करू. बेरीज येते? येते. गुणाकार? येतो. पाढे तर येतातच. लसावि काढता येतो? येतो, पण इथे कशाला काढायचा ते कळत नाही. बस, सापडलं. अख्खं गणित येत नाही पासून ते "छेद वेगळे असले की काय करायचं ते कळत नाही" इथपर्यंत तिला स्वतःला येऊ द्या. हे तुम्ही सांगून उपयोग नाही, तिने तिच्या तोंडाने म्हणलं पाहिजे. मी वर्गात बघितलंय, पोरगं एकदा म्हणालं की "सर मला फक्त हे कळत नाही" की त्याचा आवाजच वेगळा येतो.

मग चौकटीच्या वहीतली बारा चौकटींची एक पट्टी कापा. तिचं उत्तर चूक आहे हे सांगायचंच नाही, ती फुली तिला पाठ आहे. विचारा, अर्धी पट्टी म्हणजे किती चौकटी? सहा. रंगव. एक तृतीयांश म्हणजे किती? चार. त्याही रंगव. किती झाल्या, दहा. म्हणजे जवळपास सगळी पट्टी भरली. आता तुझं उत्तर आहे २/५, पाचातले दोन, हे अर्ध्यापेक्षा जास्त का कमी? कमी. मग अर्ध्यामध्ये अजून भर घातली तर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं?

इथे गप्प बसा. अजिबात बोलू नका. दोन मिनिटं लागली तरी चालतील. आपण पालक आणि शिक्षक इथेच घाई करतो आणि उत्तर देऊन टाकतो, आणि पोराला वाटतं की मला नाहीच आलं, सरांनी सांगितलं तेव्हा आलं.

१०/१२ म्हणजे ५/६ हे नंतर होईल. लसावि कशाला काढायचा तेही नंतर, की बाबा अशी पट्टी पाहिजे जिचे दोनही सारखे भाग पडतील आणि तीनही, मग बाराची चालते तशी सहाची पण चालते, आणि त्याहून लहान नाही.

अजून एक. पाचवीचं पुस्तक काढायला लाजू देऊ नका. बालभारतीच्या साइटवर सगळ्या इयत्तांची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. फक्त "तुला पाचवीचं पण येत नाही" असं घरात कोणी म्हणायचं नाही, आणि आत्याचं उदाहरण तर नकोच. आजींचा हेतू चांगला आहे पण पोरीच्या कानावर असं पडतं की आपल्या रक्तातच नाही, मग धडपड कशाला करायची.

सडेतोड_सांगलीकर

चर्चा चांगली चाललीये पण मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

आत्मविश्वास बोलून येत नसतो, गणित सुटलं की येतो. हल्ली पालक मुलांशी फार बोलतात, त्यांच्या मनात काय चाललंय हे विचारून विचारून त्यांना अजून बावरवून सोडतात. रोज ठराविक वेळेला बसवा, चार पाच गणितं करून घ्या, त्यातली तीन येतील अशीच द्या, महिन्यात फरक दिसेल. क्लास लावायलाही काय हरकत आहे, फक्त वीस-पंचवीस पोरांचा क्लास नको, तिथे ती मागच्या बाकावर जाऊन परत कोरी जागा सोडेल. ओळखीतल्या कोणी ताई-दादा असतील, दोन-तीन मुलांना घेऊन बसणारे, ते बघा.

मास्तरांनी पट्टीचं सांगितलं ते मात्र एकदम बरोबर.

माणदेशी_मास्तर

सांगलीकर, आपण एकच म्हणतोय की. तीन येतील अशी द्या हे तुमचं वाक्य लाखाचं आहे. फक्त कुठली तीन येतील हे कळायला आधी तिला बोलतं करावं लागतं, एवढंच माझं म्हणणं.

मनवा_वाचते

मी मानसशास्त्र शिकलेय म्हणून दोन गोष्टी सांगते, पुस्तकी वाटल्या तर सोडून द्या.

अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवर एक अभ्यास झाला होता, २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती आहे ते जर मुलांच्या गृहपाठाला वारंवार बसत असतील तर ती मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांचीही धास्ती वाढली. आणि धास्ती असलेले पण गृहपाठात फारसं न पडणारे पालक, त्यांच्या मुलांमध्ये असं दिसलं नाही. याचा अर्थ मदत करू नका असा नाही, पण आपण बसलो की आपले खांदे ताठ होतात, आवाज चढतो, सुस्कारे निघतात ते मूल बरोबर टिपतं. घरात ज्याला गणित शांतपणे करता येतं त्याने बसावं, मग ते बाबा असोत, मामा असो, आजोबा असोत.

दुसरं, "तू हुशार आहेस" याबद्दल. १९९८ मध्ये कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर या मानसशास्त्रज्ञांनी पाचवीतल्या मुलांवर प्रयोग केले होते. काहींना सांगितलं तुम्ही हुशार आहात म्हणून जमलं, काहींना सांगितलं तुम्ही मेहनत घेतली म्हणून जमलं. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हणलेली मुलं लवकर हात टेकून मोकळी झाली. कारण हुशारीमुळे जमलं असेल तर न जमल्यावर एकच निष्कर्ष निघतो ना. पुढे या विषयावर खूप काम झालं, नुसतं चार वाक्यं बदलून मार्क वाढत नाहीत हेही दिसलंय, त्यामुळे त्याची जादूची कांडी करू नये. पण केतकी, तुझ्या लेकीने "तू आई आहेस म्हणून म्हणतेस" म्हणलं ते मला फार खरं वाटलं. तिला पुरावा हवाय. "काल तू छेद सारखे करायला विसरली होतीस, आज तुझं तुला आठवलं" हा पुरावा आहे, हे ती नाकारू शकत नाही.

बेंगळुरूची_मीरा

विषय थोडा वेगळा पण दुखणं तेच. आम्ही बंगलोरला असतो, घरी मराठी, शाळेत इंग्लिश आणि कन्नड सक्तीचं. मुलगा चौथीत. लिहायला येतं, बाराखडीचा क्रम आपल्यासारखाच त्यामुळे ते पटकन जमलं, पण वर्गात तोंड उघडत नाही. मुलं हसतात म्हणे उच्चाराला. मी पण आधी म्हणायचे अरे बोल बिनधास्त, हसू देत. त्याने काही फरक पडला नाही.

मग एकदा झोपताना विचारलं की कोणासमोर बोलायला लाज वाटत नाही? तर म्हणे खालच्या भाजीवाल्या अज्जींसमोर. त्या त्याच्याशी आपणहून बोलतात. मग ठरवलं की रोजची कोथिंबीर आणि कढीपत्ता आणायचं काम त्याचं. आधी नुसतं "एष्टु?" (किती?) विचारून यायचा, आता त्यांच्या गावाला पाऊस पडला का इथपर्यंत मजल गेलीये. वर्गात अजून खूप बोलतो असं नाही, पण वाचायला उभं केलं की वाचतो, हे बाईंनी स्वतः सांगितलं. मला वाटतं परीक्षेच्या बाहेर एक जागा लागते मुलांना, जिथे चुकलं तर कोणी मार्क कापत नाही.

केतकी_चिंचवड

सगळ्यांचे मनापासून आभार, किती आत्मीयतेने लिहिलंय. उशिरा येतेय पण मुद्दाम, काहीतरी करून बघितल्यावर लिहायचं होतं.

मनवाचं वाचून मी ठरवलं की मी नाही, आजोबा बसतील. ते बँकेतून रिटायर झालेत, आकड्यांना घाबरत नाहीत आणि त्यांना वेळच वेळ आहे. पट्टीचं मास्तरांनी सांगितलं तसंच करायला सांगितलं त्यांना, आणि मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. "अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं" हा प्रश्न आल्यावर लेक इतका वेळ गप्प होती की मला वाटलं आता उठून जाणार. आजोबा पण गप्प. मग ती म्हणाली, "म्हणजे खालचे मिळवायचेच नसतात का?" आणि लगेच, "मिळवले तर तुकड्याचा साइजच बदलतो." हे तिचं वाक्य आहे, मी शब्द बदललेला नाही.

पण खरी गंमत पुढे झाली. आजोबांनी सहज विचारलं, पाच पाव म्हणजे किती गं? सव्वा, म्हणाली, पावकी पाठच आहे तिला. मग लिही बघू, म्हणाले. तिने सव्वा शब्दात लिहिलं. आजोबा म्हणाले तुमच्या पुस्तकात लिहितात तसं लिही. बराच वेळ विचार करून तिने ५/४ लिहिलं आणि शेजारी एक पूर्णांक एक चतुर्थांश. आणि अक्षरशः उडीच मारली, "म्हणजे हे मला आधीपासून येत होतं?" इतकी वर्षं ती ते गाण्यासारखं म्हणत होती, त्याचा आणि वहीतल्या अपूर्णांकाचा काही संबंध आहे हे तिला कोणी दाखवलंच नव्हतं. आता ती आजोबांनाच विचारते, साडेतीन म्हणजे सात निमे ना, पावणेदोन म्हणजे सात पाव ना.

गणित आवडायला लागलंय असं मी म्हणणार नाही. दशांश अपूर्णांक सुरू झाल्यावर परत एकदा पोट दुखलं. पण यावेळी म्हणाली "मला पॉइंटच्या पुढे शून्य का देतात ते कळत नाही", नुसतं येत नाही असं नाही म्हणाली. मला तेवढंच खूप आहे सध्या.

सासूबाईंशी पण बोलले. आत्याचा विषय त्यांनी बंद केलाय. नवऱ्याला सांगितलंय की क्लासचं दिवाळीनंतर बघू.

नाशिकचा_बाबा

केतकीताई, फार छान वाटलं वाचून. सहावीतच लक्षात आलं हे चांगलं झालं. आमचं नववीत कळलं म्हणून लिहितोय, मोठ्या मुलांचे पालकही वाचत असतील.

आठवीपर्यंत प्रगतिपुस्तकात श्रेणी असतात, ब-१, ब-२ वगैरे, त्यात मूल कुठे घसरतंय ते घरच्यांना काय आणि त्याला स्वतःला काय, कळतच नाही. नववीत पहिल्यांदा बीजगणित, भूमिती वेगवेगळे पेपर, चाळीस चाळीस मार्कांचे, आणि आकडा समोर येतो. आमच्या चिरंजीवांना पहिल्या घटक चाचणीनंतर असा धक्का बसला की पेपर दाखवणंच बंद केलं. विचारलं की "दिले नाहीत अजून."

आम्ही काय केलं, तर किती पडले हा प्रश्नच घरातून काढून टाकला. पेपर आणला की दोघं बसायचो आणि गेलेल्या मार्कांची वाटणी करायचो. हे येतच नव्हतं, हे येत होतं पण घाईत चुकलं, हे येत होतं पण वेळ पुरला नाही. पहिल्याच पेपरला असं निघालं की येतच नव्हतं असं फार थोडं होतं. चिन्हं चुकणं, बाजू बदलताना अधिकचं वजा न करणं, भूमितीत कारण न लिहिणं, यातच निम्म्याहून जास्त मार्क गेलेले. तो स्वतःच म्हणाला की बाबा हे तर माझंच आहे, मी गमावलंय. "मला येत नाही" आणि "माझे गेले" यात त्याच्यासाठी खूप फरक पडला.

आणि पेपर सोडवताना आधी कृतीचे प्रश्न घ्यायचे, चौकटी भरायच्या असतात ते. पुढची पायरी छापलेलीच असते त्यामुळे हात चालू होतो, मन ताळ्यावर येतं, मग मोठी गणितं. गणित पूर्ण सुटलं नाही तरी पायऱ्यांचे मार्क मिळतात, तेव्हा कोरं काहीही सोडायचं नाही हा आमच्या घरचा नियम.

शुभदा_के

धागा उत्तम. मास्तर, एक विचारू का? माझा मुलगा तिसरीत, वजाबाकीत अडतो. ५२ मधून २८ गेले की उत्तर ३६ लिहितो. आणि आता म्हणायला लागलाय की मला मायनस आवडत नाही. चिडचिड करतो, पेन्सिल फेकतो. एवढ्या लहान मुलाला "काय काय येत नाही" विचारून सांगता येईल का?

माणदेशी_मास्तर

शुभदाताई, तिसरीतल्या पोराला नाही सांगता येणार, पण त्याचं उत्तरच सांगतंय ना. दोनातून आठ जात नाहीत म्हणून त्याने आठातून दोन काढले, सहा. पाचातून दोन, तीन. छत्तीस. एका अर्थी नीट विचार करून केलंय त्याने, मोठ्यातून लहान वजा करायचं हे त्याने धरून ठेवलंय.

त्याला आधी विचारा की हे कसं केलंस, मला सांग. रागाने नाही, खरंच कळून घ्यायचंय अशा आवाजात. सांगू द्या पूर्ण. मग वही बाजूला. दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी त्याच्या हातात द्या, तुम्ही दुकानदार व्हा आणि अठ्ठावीस रुपये मागा. दोन नोटा देईल, मग आठ रुपये द्यायला नाणी दोनच. तो थांबेल. तुमच्याकडे सुट्ट्यांची वाटी ठेवा, पण सुट्टे घे असं तुम्ही सुचवू नका, त्याला मागू द्या. एक नोट मोडून दहा नाणी घेतली की बारा झाली, त्यातली आठ दिली, चार उरली, नोटा दोन उरल्या. चोवीस. हातचा घेणं म्हणजे हेच नोट मोडणं, पण तो शब्द दोन-तीन दिवस काढूच नका.

नोटांवर हात बसला की मग कागदावर आणा आणि त्याने आधी लिहिलेलं छत्तीसवालं गणित त्यालाच तपासायला द्या. आणि त्याच्या बाईंना एक चिठ्ठी पाठवा, की या आठवड्यात त्याला फळ्यावर बोलावणार असाल तर सुट्टे न लागणारी वजाबाकी द्या, ५८ मधून २२ अशी. एक गणित वर्गासमोर बरोबर आलेलं त्याला फार पुरतं. बहुतेक बाई ऐकतात, सांगणाऱ्या पालकांचीच वाट बघत असतो आम्ही.